गाडी चढाला दम टाकते तेव्हा



आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल आज चाकांवर पेटते. कुणी ट्रकवर ड्रायव्हर आहे, कुणी क्लीनर आहे, कुणी कर्ज काढून टेम्पो घेतला आहे, कुणी भाड्याची रिक्षा चालवतो. गाडी उभी राहिली की त्या घरातले दूध, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता सगळेच अडून बसते. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला दोन तऱ्हेचे सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो, "इंजिन संपले, सगळे खोला." दुसरा म्हणतो, "नजर लागली, उतारा काढा." कारण शोधण्याची तसदी दोघांनाही नको असते. कारण शोधणारा तिसरा माणूस वेळेवर भेटला तर काय होते, हे मी २०११ साली जवळून पाहिले. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना ते उपयोगी पडेल आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनाही पडेल, असे वाटते म्हणून लिहितो आहे.

माझा मावसभाऊ शहापूरला राहतो. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. बरीच वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केल्यावर त्याने कर्ज काढून एक जुना टाटा १२१० ट्रक घेतला. गाडी १९८६ सालची, म्हणजे तेव्हाच पंचवीस वर्षांची. पण या गाड्यांचे इंजिन मोठे चिवट. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, तरी इंजिनाचा वंश पुढे चालूच राहिला. दादाच्या गाडीत '६९७' नावाचे इंजिन होते. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलीमीटर, म्हणून ६९७. सहाही सिलिंडर एका सरळ रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला पोरे उभी राहावीत तसे. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ज्याचे डोळे, कान आणि हात शाबूत आहेत अशा माणसाला त्याचे दुखणे ओळखता येते.

दादा भिवंडीच्या गोदामांतून सात टन माल भरायचा आणि नाशिकला उतरवायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात गाडीचे पिकअप गेले. सपाटीला ठीक चाले. कसारा घाट लागला की दहा-पंधरा मिनिटांत दम टाकू लागे. तिसऱ्या गिअरचा चढ दुसऱ्यात, मग पहिल्यात, आणि शेवटी गोगलगाय बरी अशी गत. मागून हॉर्न वाजत. दादा घामाघूम होऊन गाडी बाजूला घेई. थांबण्याची सोयीची जागा म्हणजे घाटातले एक देऊळ. गाडीवरचा क्लीनर श्रद्धाळू मुलगा होता. तो उतरून नारळ फोडी. चहा होई, बिडी होई, आणि नंतर गाडी खरोखरच पुन्हा ओढू लागे. पुढे चढ उरला असेल तर पुन्हा दम टाके, पण तोवर बहुतेक घाट सरलेला असे.

महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला. "रिंगा गेल्या, लायनर गेले. इंजिन बांधावे लागेल. सत्तर हजार आणि बारा दिवस." सत्तर हजार! हप्ता थकला तर गाडी ओढून नेण्याची भाषा फायनान्सवाला आधीच करत होता. पुतणी दहावी पास होऊन पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची वाट पाहत होती. वहिनीने गळ्यातले सोन्याचे मणी काढून द्यायची तयारी केली होती. मावशी तर रोज एकच सांगे, "गाडीला काळी बाहुली बांधा रे. चांगले चाललेले कुणाच्या तरी डोळ्यात आले."

दादा बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेला माणूस. त्याच्या वडिलांनी घरातले देव्हारे स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. पण संकटात माणसाची मूठ सैल पडते. फोनवर तो मला हळूच म्हणाला, "तू हसशील, पण नारळ फोडला की गाडी चालते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे."

मला हसू आले नाही. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी म्हणायची? गाडी थांबत होती, नारळ फुटत होता, गाडी चालत होती. तीनही गोष्टी खऱ्याच होत्या. प्रश्न एवढाच होता की त्यातली कोणती कशामुळे होत होती.

आमच्या विहारात एक मिस्त्रीकाका येत असत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. मी त्यांना सगळे सांगितले. रविवारी ते माझ्याबरोबर शहापूरला आले. मला वाटले, उतरल्या उतरल्या पाना हातात घेतील. ते ओट्यावर बसले आणि पाणी पिऊन प्रश्न विचारू लागले. "दुखणे एकदम आले की हळूहळू? मोकळी गाडी चढते का? इंजिन थंड असतानाही असेच होते का? धूर कोणत्या रंगाचा? ऑइल किती पिते?"

ऑइलचे दादाला सांगता येईना. तेव्हा वहिनी आत गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली. डिझेल किती लिटर, ऑइल किती, पंक्चर, टोल, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली, सगळे त्या माउलीने लिहून ठेवले होते. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण एक दिवस चुकलेला नव्हता. मी ओट्यावरच अकरा महिन्यांची बेरीज मांडली. माझे बी.कॉम. ट्रकच्या कामी येईल असे कधी वाटले नव्हते. ऑइल जितके पहिल्या महिन्यात वरून टाकावे लागत होते तितकेच शेवटच्या महिन्यात. डिझेलच्या सरासरीत फारसा फरक नाही. फरक पडला होता तो फक्त वेळेत. भिवंडी ते नाशिकच्या फेरीला दीड-दीड तास जादा लागत होता.

मिस्त्रीकाका वहिनीला म्हणाले, "पोरी, तुझ्या वहीने निम्मे काम केले बघ. रिंगा गेल्या असत्या तर गाडी ऑइल प्यायली असती. ब्रीदरमधून भसाभसा धूर फेकला असता. तुझी वही तसे काही सांगत नाही."

मग त्यांनी आम्हाला धुराचा पाठ दिला. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला सुमारे सतरा पट दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की ते पेट घेते. म्हणजे ताकदीला दोनच गोष्टी लागतात, पुरेशी हवा आणि पुरेसे डिझेल, दोन्ही योग्य वेळी. गाडी ओढत नाही आणि काळा धूर टाकते, तर डिझेल येते आहे पण नीट जळत नाही. मग हवेचा फिल्टर पाहा, नोझल पाहा, टायमिंग पाहा. निळसर धूर असेल तर ऑइल जळते आहे. मग रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह यांचा संशय घ्या. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट पाहा. आणि गाडी ओढत नाही, पण धूरही टाकत नाही, तर समजा की ती उपाशी आहे. तिला डिझेलच पोचत नाही.

दादाने आठवून सांगितले की घाटात गाडी दम टाकते तेव्हा मागे धूर दिसत नाही. उलट नेहमीपेक्षा कमीच असतो.

एवढे कळल्यावर कुणीही थेट डिझेलच्या नळीला हात घातला असता. मिस्त्रीकाकांनी घातला नाही. ते म्हणाले, "आधी हे सिद्ध करा की दुखणे इंजिनाचेच आहे." त्यांनी गाडी थोडी फिरवून आणायला लावली आणि चारही बाजूंच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. एखादा ड्रम भाजण्याइतका तापला असता तर ब्रेक चिकटून गाडी मागे ओढत होता असे ठरले असते. मग क्लच पाहिला. इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही, अशी तऱ्हा असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. तसे नव्हते. नंतर पुतणीला केबिनमध्ये बसवून एक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला लावला आणि स्वतः पंपावरचा लिव्हर शेवटच्या टोकाला टेकतो का ते पाहिले. पुष्कळ गाड्यांत दांडीचे सांधे झिजलेले असतात. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि पंपाला मात्र अर्धाच निरोप पोचतो. इथे निरोप पूर्ण पोचत होता. हवेच्या फिल्टरच्या तळच्या भांड्यातले ऑइल चिखलासारखे झाले होते, ते बदलले. पुतणी कागदावर एकेक गोष्ट लिहून पुढे खूण करत होती. या सगळ्याला ऑइलचा खर्च सोडला तर एक पैसा लागला नव्हता.

त्यानंतर नोझल. इंजिन मंद चालू ठेवून मिस्त्रीकाकांनी एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट पाऊण आटा सैल केला आणि लगेच घट्ट केला. सैल केला की त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर जाते आणि तो सिलिंडर बंद पडतो. चांगला सिलिंडर बंद पडला तर इंजिनाचा आवाज लगेच अडखळतो. मेलेला सिलिंडर बंद पडला तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीही काम करत नव्हता. १, २, ३ नंबरला आवाज पडला. ४ नंबरला फारसा पडला नाही. ५ आणि ६ ठीक. (हे काम नवख्याने करू नये. नोझलच्या तोंडाचा फवारा इतक्या दाबाचा असतो की तो कातडीत घुसतो. तिथे बोट कधीही लावू नये.) चौथे नोझल काढून टेस्टिंगला नेले. ते फवारा न मारता ठिबकत होते. दुरुस्त करून बसवले. इंजिनाची थरथर थांबली आणि आवाज एकसारखा झाला. दादाचा चेहरा फुलला.

मात्र मिस्त्रीकाका म्हणाले, "घाट चढल्याशिवाय मी बरे म्हणणार नाही. उभ्या गाडीत हे दुखणे दिसत नाही. मंद चालणारे इंजिन चार थेंबांवर भागवते. सात टन घेऊन चढताना त्याची खरी भूक कळते."

पुढच्या रविवारी भरलेल्या गाडीत दादा, क्लीनर, मिस्त्रीकाका आणि मी असे चौघे कसाऱ्याला निघालो. आणि काय सांगू, पंधरा मिनिटांनी गाडीने तसाच दम टाकला. पूर्वीपेक्षा थोडी बरी, पण दुखणे तेच. चौथे नोझल खराब होते हे खरे, पण तेवढ्याने गाडी घाटात बसत नव्हती.

देवळापाशी पोचायला अजून अवकाश होता. मिस्त्रीकाकांनी रुंद जागा बघून गाडी तिथेच बाजूला घ्यायला लावली आणि चाकांना दगड लावले. तिथे देऊळ नव्हते, चहाचे दुकान नव्हते. नुसता डोंगर आणि वारा. त्यांनी घड्याळात दहा मिनिटे मोजली. नारळ पिशवीतच राहिला. गाडी सुरू केली आणि ती व्यवस्थित ओढू लागली.

थोड्या वेळाने पुन्हा दम टाकू लागली तोवर देऊळ आले. मिस्त्रीकाका क्लीनरला म्हणाले, "बाळा, तू तुझा नारळ फोड. पण आज चहा नको, लगेच चढ." पोराने नारळ फोडला. अर्ध्या मिनिटात आम्ही निघालो. गाडी दोनशे पावलेसुद्धा नीट ओढली नाही.

केबिनमध्ये कुणी बोलले नाही. मग तो क्लीनरच म्हणाला, "म्हणजे नारळाने नाही, थांबल्याने चालते." मिस्त्रीकाकांनी त्याची टिंगल केली नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. आता थांबल्याने काय होते ते शोधू."

थांबल्याने काय होते? उपाशी इंजिनाला पुन्हा डिझेल मिळते. म्हणजे डिझेलच्या वाटेवर कुठेतरी असे काही होते जे जोराने ओढले की अडत होते आणि ओढ थांबली की मोकळे होत होते. आता वाटेचा शोध सुरू झाला. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल बाहेर येत नाही. झाकण सैल करून पाहिले, फरक नाही. फीड पंपाची जाळी स्वच्छ होती. फीड पंप हाताने मारून पाहिला, तो जोर धरत होता. डिझेल फिल्टर गॅरेजवाल्याने नुकतेच बदलले होते. कुठे हवा धरली आहे का तेही पाहिले, बुडबुडे नव्हते.

राहिली टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट. मिस्त्रीकाकांनी स्वच्छ डिझेलचा एक कॅन आणला, नवा पाईप घेतला आणि कॅनमधून थेट फीड पंपाला जोडला. कॅन त्यांनी टाकीच्या शेजारी, टाकीच्याच उंचीवर चेसिसला घट्ट बांधला. मी विचारले, "वर बांधला असता तर सोपे नव्हते का?" ते म्हणाले, "वरून डिझेल आपोआप उतरले असते. मग गाडी चालली ती नव्या पाईपने की उंचीने, हे कसे कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची." वर्कशॉपमध्ये झिजलेल्या त्या माणसाने विज्ञानाचा एवढा मोठा नियम चहाचा कप खाली ठेवावा इतक्या सहज सांगितला.

त्याच वजनाची दुसरी फेरी, तोच घाट. गाडी न थांबता चढली. देऊळ मागे गेले. इगतपुरी आली. दादाने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकवून तो रडला.

दोष निघाला हातभर रबरी पाईपमध्ये. चेसिसवरच्या लोखंडी नळीपासून हलत्या इंजिनापर्यंत हा तुकडा असतो. बाहेरून धडधाकट. मिस्त्रीकाकांनी ब्लेडने उभा चिरून दाखवला. आतला थर जुना होऊन फुगला होता आणि सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिनाने जोराने ओढले की ती जीभ नळीचे तोंड बंद करी. गाडी थांबली की जीभ सैल पडे आणि वाट मोकळी होई. नव्या पाईपला साडेतीनशे रुपये लागले. सत्तर हजार वाचले. वहिनीचे मणी गळ्यातच राहिले आणि पुतणीचा प्रवेश वेळेवर झाला. मिस्त्रीकाकांनी मजुरी घेतली नाही. "विहाराच्या अभ्यासिकेला पाचशे रुपये द्या," एवढेच म्हणाले. तो ट्रक पुढे २०१७ पर्यंत चालला आणि मग भंगारात गेला. गेला तेव्हाही इंजिन बांधावे लागले नव्हते.

बंधू-भगिनींनो, तथागतांनी केसमुत्त गावच्या कालामांना जो उपदेश केला तो आपण विहारात अनेकदा ऐकतो. परंपरेने आले म्हणून, पुष्कळांनी सांगितले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा सार आहे. आपल्याला वाटते की हा उपदेश फक्त देवाधर्मासाठी आहे. मला कसाऱ्याच्या घाटात कळले की तो गॅरेजवाल्यालाही लागू आहे. नारळावर विश्वास ठेवणे आणि "रिंगा गेल्या" या पाच मिनिटांच्या निकालावर विश्वास ठेवणे यात फरक कमी आहे. दोन्हींत पारख नाही. आणि कारण असल्याशिवाय कार्य होत नाही, हे धम्माचे सूत्र इंजिनाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. कारण एकच असते असेही नाही. खराब नोझल हे एक कारण होते, फुगलेला पाईप दुसरे. पहिले सापडले म्हणून मिस्त्रीकाका थांबले असते तर गाडी घाटातच राहिली असती.

यंत्राचे ज्ञान आपल्या माणसांना सहज मिळालेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाची थुंकी लागे आणि तिचा विटाळ होई. जिथे पगार बरा, तिथेच हा विटाळ आडवा येई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. मिस्त्रीकाकांसारख्या माणसाच्या हातात पाना आला, त्यामागे ही सगळी वाट आहे. म्हणून आपल्या वस्तीत असा एखादा निवृत्त फिटर, वायरमन, टर्नर असेल तर त्याला महिन्यातून एक रविवार विहारात बोलवा. पोरांना आणि पोरींनाही त्याच्याजवळ बसवा. पोथीतले ज्ञान तेवढे मोठे आणि हाताचे लहान, असे आपल्याला कुणी शिकवले ते आपण जाणतोच.

आणखी एक सांगतो. आमच्या अभ्यासिकेत सातवीचा एक मुलगा येई. शाळेने त्याच्यावर शिक्का मारला होता, "याला गणितात डोकेच नाही." ते वाक्य ऐकले आणि मला "इंजिन संपले" आठवले. आम्ही ओट्यावर बसलो आणि प्रश्न विचारले. अंधुक दिसते का? कुठल्या बाकावर बसतोस? फळ्यावरचे आकडे त्याला दिसतच नव्हते. तीन आणि आठ यांतला फरक तो अंदाजाने ठरवत होता. चष्मा लागला आणि पोरगा गणितात पास झाला. पोरांची ताकद कमी पडते आहे असे दिसले की आधी पाहा, त्यांना काही पोचते आहे का? झोप, जेवण, उजेड, पुस्तक, शाबासकी. यातले काय अडले आहे ते पाहिल्याशिवाय "डोके नाही" म्हणण्याचा अधिकार आईबापांनाही नाही आणि गुरुजींनाही नाही.

ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी मिस्त्रीकाकांचा क्रम कात्रण करून गाडीत ठेवावा. आधी ब्रेक आणि क्लच पाहा. मग धुराचा रंग. मग एक्सिलरेटरचा लिव्हर पूर्ण जातो का ते. मग हवेचा फिल्टर. मग टाकीच्या झाकणापासून पंपापर्यंत डिझेलची पूर्ण वाट, रबरी पाईपसह. मग जाणकाराकडून नोझल, टॅपेट आणि पंपाचे टायमिंग. मग सहाही सिलिंडरांचे कम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ आणि पुरेसे असतील तर इंजिन शाबूत आहे. एखादाच खाली पडला असेल तर तिथे दोष आहे. हे सगळे झाल्यावरच इंजिन खोलायला होकार द्या. स्वस्त गोष्ट आधी, महाग गोष्ट शेवटी. एका वेळी एकच बदल. आणि जे केले ते लिहून ठेवा.

लिहिण्याचे काम घरातल्या बाईकडे द्यायला हरकत नाही, पण मग वहीत काय लिहिले आहे तेही तिला विचारत जा. आमच्या वहिनीला अकरा महिन्यांत ते कुणी विचारले नव्हते.

जयभीम! नमो बुद्धाय!